मागच्या टर्बोची मापं

रायसाने टेप ओढली, आकडा नीट वाचला आणि खोटा सांगितला.

"अठ्ठ्याहत्तर!" ती गाडीखालून ओरडली. टेपवर ब्याण्णव होते.

वर तिचा धाकटा भाऊ टार्मो प्लायवुडच्या फळीवर पेन्सिलने आराखडा काढत होता. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली होती आणि टार्मोचं पोट काही तिच्याखाली मावत नव्हतं, म्हणून मापं घ्यायला बहीण. इंजिनापाशी टर्बोला बोटभरही जागा उरली नव्हती. तो आता मागे, डिकीखाली, सायलेन्सरच्या जागी बसणार होता. इंजिनाच्या धुराने तो फिरणार आणि त्याने दाबलेली हवा लांबलचक नळीतून पुन्हा पुढे इंजिनाकडे येणार.

"वजन मागच्या चाकांवर पडेल," टार्मो सकाळपासून दहादा सांगून झाला होता. "गाडी बर्फाला अशी चिकटून पळेल की बघत राहशील."

"मी बघायला येणार नाही. आणि तूही जाऊ नकोस."

"नाही गेलो तर गावातली पोरं मला मोजे विणायला बसवतील."

रविवारी गोठलेल्या तळ्यावर शर्यत होती. गेल्या मार्चमध्ये याच शर्यतीत त्यांचा थोरला भाऊ इल्पो गाडीसकट बर्फाखाली गेला होता. सापडला तो मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर. रायसाला त्या तळ्याला आणखी एक भाऊ द्यायचा नव्हता. टार्मोला नाही म्हणावं तर तो चेकाळून दुप्पट जोराने कामाला लागायचा, हे तिला ठाऊक होतं. मापं आज कुओपिओ शहरातल्या एका वर्कशॉपात जाणार होती आणि तिथून नळ्या वाकवून शुक्रवारी येणार होत्या. त्या आखूड आल्या की दुसऱ्या करून घ्यायला वेळ नव्हता, आणि रविवारनंतर बर्फ पातळ होतो म्हणून तळ्यावर कुणालाच सोडत नाहीत. साप मरावा आणि काठीही मोडू नये, एवढंच तिला हवं होतं.

"एक्सलपासून टाकी?" टार्मोने विचारलं.

"चाळीस." होते पंचावन्न.

त्याने कधीच तिच्या शब्दावर शंका घेतली नव्हती. तिला वाईट वाटलं. वाटलं तर वाटलं, निदान जिवंत तरी राहील.

"आता तेलाची परतीची नळी नीट मोज हं. तिथेच घोडं पेंड खातं. टर्बो इंजिनापेक्षा खाली पडतो ना? खाली गेलेलं तेल आपणहून वर येत नाही, पंपाने ओढून आणावं लागतं."

रायसाने मोजलं आणि तेही चार बोटं कमी सांगितलं.

फ्लास्कमधून कॉफी ओतल्याचा आवाज आला. "पाठवायच्या आधी एकदा वाचून दाखवतो," टार्मो म्हणाला. "टर्बोपासून एक्सल ब्याण्णव. एक्सलपासून टाकी पंचावन्न..."

"थांब. ब्याण्णव कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? गाडीखाली तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे, बाई?" त्याने कॉफीचा घोट घेतला. "आवाज मात्र पार बसलाय तुझा. खोल विहिरीतून बोलल्यासारखी बोलतेयस. गारठली असशील. ये वर, कॉफी घे."

रायसाने मान वळवून दोन्ही बाजूंना पाहिलं. चार घोड्या, पलीकडे टार्मोचे बूट, आणि ती. बाकी कोरडं सिमेंट. आपलंच काहीतरी चुकलं असेल, तिने स्वतःला समजावलं. मनात खरा आकडा होता, तोच तोंडून निघून गेला असेल.

खात्री करून घ्यायला तिने टेप बाजूला ठेवली. पुढच्या नळीचं माप अजून कुणीच घेतलं नव्हतं. ते न घेताच ती एकेक अक्षर तोडून ओरडली, "पुढची नळी, एकशे दहा!"

पेन्सिल फळीवर खरखरली.

"एकशे सदतीस," लिहिता लिहिता टार्मो पुटपुटला. "बरोबर, मलाही तेवढंच वाटलं होतं."

तिने टेप उचलली आणि लावली. एकशे सदतीस.

आता मात्र ती घाबरली. "टार्मो, पाठवू नकोस! ऐकतोयस ना? खोटं सांगितलं मी सगळं. तू तळ्यावर जायचं नाहीस!"

"बरं," वरून शांतपणे उत्तर आलं. "आणि पंपाची जागा?"

बाहेर सरकायला हवं होतं. टाच नुसती सिमेंटवर घासली जात होती, अंगाखालची चाकांची फळी जागची हलेना. मानेखालून गारवा वर चढत होता. रायसाने हातमोजा तोंडावर घट्ट दाबून धरला. आता एक शब्दही बाहेर जाऊ द्यायचा नाही, मग लिहील काय तो?

ती श्वास रोखून पडून राहिली.

वर पेन्सिल चालूच होती. एक आकडा, मग दुसरा, मग तिसरा.

"हळू सांग गं, लिहू तरी दे," टार्मो म्हणाला. मग पेन्सिल थांबली. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि हसला.

"हो, येतो की रविवारी. पण तू तर सकाळपासून जाऊ नको म्हणत होतीस ना?"