मातीआड

मिंझाने काठीने माती उकरली आणि नणंदेला म्हणाली, "बघ होलो. डोळे भरून बघ."

मातीखालचा लघवीचा ओला डाग लाल होता. टांझानियातल्या शिन्यांगाकडच्या त्या गावात बाईचा संसार मोडायला एवढं पुरे होतं.

"अगं बाई! बाहेरख्याली बाईचा रोग हा," होलो म्हणाली. "वहिनी, सून चांगलीच निघाली की तुझी!"

काटेरी कुंपणापाशी कबुला रडत उभी होती. "आई, शपथेवर सांगते, मी कुणाकडे गेले नाही. भातखाचरात राबायला लागले तेव्हापासून होतंय हे."

"खाचरात आमचाही जन्म गेला. आम्हाला झालं का काही?"

"पण ह्यांनाही झालं होतं ना? तेव्हा तुम्ही बकरा कापलात."

"तो पुरुष आहे, मेले! मुलगा वयात आला की लाल होणारच. त्याची बरोबरी करतेस?"

लुहेंदे गुरं सोडून आला. बायकोकडे बघत चाचरत म्हणाला, "आई, दवाखान्यातली बाई म्हणते, पाण्यातला किडा अंगात शिरतो. गोळ्या घेतल्या की बरं होतं. नेऊ का हिला?"

"ने की! गावभर दवंडी पिट, बायकोला कसला रोग आहे त्याची!"

लुहेंदे पुन्हा गुरांकडे निघून गेला.

उन्हं चढायच्या आत कबुला गाठोडं घेऊन माहेराला निघाली. लग्नात घेतलेल्या गाई परत कराव्या लागणार म्हणून बाप तिला सोलून काढणार होता. मिंझाला वाईट वाटलं. पोर गुणाची होती, हाताला चव होती. पण अब्रूपुढे काय करणार?

"वहिनी, मी रोज येते इथे," होलो म्हणाली. "मला नाही दिसलं कधी. तुला कसं गं कळलं?"

"उठली की पायाने माती लोटायची, मांजरासारखी. मनात चोर नसेल तर कोण कशाला झाकेल?"

"धन्य तुझी नजर! चल, आपणही कुंपणाआड जाऊन येऊ."

"तू हो पुढे. मला एकटीनेच जायची सवय, ठाऊक आहे ना तुला?"

होलो जाऊन आली, घरी गेली. मग मिंझा उठली, चारी बाजूंना बघून कुंपणाआड बसली. उठताना, या घरात सून म्हणून आल्यापासून रोज करायची तसंच, खाली न बघता तिने पायाने लाल डागावर माती लोटली.