पाकिटातल्या फूलमाश्या

या, जरा पुढे सरका. आज टाळ नाहीत, मृदंग नाही, तरी आख्यान गुरू-शिष्याचंच आहे. फक्त ते एका माशीपासून सुरू होतं.

गुरुवारी सकाळी दहाला व्हर्ना पेल्कीने नेहमीप्रमाणे फोन लावला. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा सप्टेंबर होता, कुंपणाशी गोल्डनरॉड पिवळाधमक फुलला होता.

"पाकीट मिळालं का, बाई?"

"कालच आलं. इथेच टेबलावर आहे," पलीकडून अ‍ॅडलेड कटिंगबाई म्हणाल्या. "दुसरी प्रत आहे ना तुझ्या हातात? मग सांग. मी फोटो बघितलाच नाही असं समजून सांग."

"तुमच्यासमोर पडलेला असताना?"

"शिकतंय कोण? तू का मी?"

व्हर्ना हसली. ही दर गुरुवारची झटापट होती.

शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं सूप ढवळून ती निवृत्त झाली आणि फूलमाश्यांच्या नादी लागली. गांधीलमाशीचं सोंग घेऊन फुलांवर तरंगणाऱ्या, पण कुणाला कधी न डसणाऱ्या या गरीब माश्या. फोटो व्हर्ना काढायची. माशी कुठल्या जातीची, नर की मादी, हे कटिंगबाईंना विचारून ठरायचं. बाई त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी त्या दोन तासांवरच्या गावी भाचीकडे राहायला गेल्या, तेव्हाच त्यांनी कॉम्प्युटरही सोडला. फोटो छापून टपालानेच हवा, आणि बोलायचं ते फोनवर. नाताळचं कार्ड भाचीच्या अक्षरात यायचं. बाईंचा हात दुखतो म्हणे.

ही नावं गावच्या निसर्गमंडळाच्या यादीत जात, आणि ती यादी दरवर्षी संग्रहालयात तपासायला जाई. सहा वर्षांत एकही नाव चूक म्हणून परत आलं नव्हतं.

"बाईंची नजर!" व्हर्ना सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

"हं, सांग," बाई म्हणाल्या.

"मादी आहे. दोन डोळ्यांमध्ये चांगली फट आहे. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात."

"पाठ कशी आहे?"

"काळी. त्यावर पिवळे उभे पट्टे."

"उभे?"

व्हर्ना थबकली. "अगंबाई! ही तर दलदलमाशी. हिच्यात नराच्याही डोळ्यांत फट असते."

"मग?"

"मग डोळे सोडायचे, शेपटाकडे बघायचं. टोकदार नाहीये. गोल आहे, खाली दुमडलेलं. नर आहे, बाई!"

"मीही तेच म्हणणार होते," बाई म्हणाल्या. "आता दुसरं. मी मंडळाला कळवलंय. या हिवाळ्यापासून लोकांनी पाठवलेले माश्यांचे फोटो तू ओळखायचेस."

"मी?"

"तू नाही म्हणालीस तर ते काम बंद करणार आहेत. दुसरं कुणी नाही."

"बाई, मी पातेली घासलेली बाई. शाळेतली पोरं मोठ्या आशेने फोटो पाठवतात. त्यांना मी काहीतरी ठोकून देऊ? आत्ताच बघा, मादी म्हणून बसले होते. तुम्ही सांगता म्हणून मला दिसतं."

"मी काय सांगते गं?"

रात्रभर विचार करून तिने ठरवलं, की नाही म्हणायचं, आणि तेही समोर जाऊन. एवढ्या मोठ्या बाईंना फोनवर कसं नाही म्हणायचं? शनिवारी तिने सफरचंद-दालचिनी भरलेला अ‍ॅपल पाय भाजला, तो गरम गरमच मांडीवर घेतला आणि पुतण्याच्या गाडीत बसली.

दार भाचीने, रूथने उघडलं. व्हर्नाच्या हातातला अ‍ॅपल पाय बघून ती खुदकन हसली.

"म्हणजे नाही म्हणायला आलात. आत्या म्हणालीच होती, फोनवर म्हणायची नाही, काहीतरी भाजून घेऊन येईल. आणि आली की हे द्यायचं."

तिने कपाटातून बुटांचं एक मोठं खोकं काढून व्हर्नापुढे ठेवलं.

आत पाकिटं होती. व्हर्नाच्या अक्षरातला पत्ता, व्हर्नानेच लावलेली तिकिटं. अगदी वर बुधवारी पोचलेलं. ते बंद होतं. तिने खालचं काढलं. तेही बंद. मग ती भराभरा उपसत गेली. तळाशी सहा वर्षांपूर्वीचं पहिलं पाकीट होतं. सुटू नये म्हणून तिने त्याला दोनदा चिकटपट्टी लावली होती. त्या दोन्ही पट्ट्या जागच्या जागी होत्या.

"दालचिनीचा वास येतोय," आतून आवाज आला. "व्हर्ना, आलीस ना? मग, उत्तर नाहीच का?"

व्हर्ना पाकीट हातात धरून दारात उभी राहिली.

"नाही... म्हणजे हो, बाई. करते मी."

"मीही तेच म्हणणार होते," खुर्चीतल्या कटिंगबाई म्हणाल्या आणि तिच्या आवाजाच्या रोखाने त्यांनी हात पुढे केला.

तेव्हा मंडळी, पुढे कधी फुलावर माशी थबकलेली दिसली, तर वाकून तिच्या डोळ्यांमध्ये फट आहे का ते बघा, आणि स्वतःच्या डोळ्यांपुढे सहा वर्षं मिट्ट काळोख असलेल्या अ‍ॅडलेड कटिंगबाईंची आठवण ठेवा.