उरलेलं दूध

मुंबईच्या बाईसाहेब हवापालटासाठी लोणावळ्याच्या बंगल्यात राहायला आल्या, तेव्हापासून जवळच्या कुरवंडे गावची बयाबाई त्यांची सेवा करत होती. बाईसाहेबांना म्हणे नुसता अशक्तपणा होता. पेल्यातलं अर्धं दूध त्यांना जात नसे, उरलेलं त्या रोज मायेनं बयाबाईच्या तांब्यात ओतत, "तुझ्या लेकीला ने." बयाबाई त्यांना देवमाणूस म्हणायची. आज बाईसाहेबांच्या नातीला घेऊन स्टेशनावरचा टांगा आला. धावत येऊन तिनं आजीचा पेला उचलला, तशा बाईसाहेब कॉटवरून किंचाळल्या, "ठेव तो! क्षय आहे मला, माझं उष्टं प्यायचं नाही!" नात रडू लागली. बाईसाहेबांनी तिला जवळ न घेता लांबूनच समजावलं. मग सवयीनं तोच पेला बयाबाईपुढे धरला. बयाबाईनं तांब्या पदराआड लपवला. "बाईसाब," ती म्हणाली, "माजी लेक दिवाळीपास्नं खोकतीया. तवा तुमीच म्हनला व्हता, ह्येच दूध पाज, बरी व्हईल."