चुन्याची रेघ

पारगावच्या रस्त्याला आम्ही पत्र्याची शेड उभी केली. निम्म्यात संसार, निम्म्यात ह्यांचं सुतारकाम. मधे भिंतीऐवजी चुन्याची रेघ होती. “विटांचा आधी मशिनला ओटा बांधू. रांगती पोरगी कुठं चाललीय?” हे म्हणाले. त्या दुपारी लोडशेडिंग होतं. लाइट आल्याचं कळावं म्हणून रंधा मशिनचं बटण चालूच ठेवून हे चहाला गेले. भाकरी उलटताना वळून पाहिलं, तर पोरगी मशिनचा पट्टा धरून पहिल्यांदाच उभी होती. लाइट कधीही आली असती. हाक मारली तर ती पट्टा घट्ट धरेल, म्हणून मी श्वास रोखून गेले, एकेक बोट सोडवलं, तिला उचललं. तेवढ्यात पट्टा सणसणत फिरला. “आली व्हय लाइट?” हे दारातून म्हणाले. मी तिचे चुन्यानं पांढरे गुडघे दाखवले. बटण बंद करून ह्यांनी पहिली वीट रेघेवर ठेवली.