चहापाण्याचा खर्च शून्य

कामगार संघटनांनी दरवर्षी हिशेब द्यायचा, हा नियम सरकारने पुन्हा लागू केला, तेव्हा सगळ्यात आधी हजर झाला तो इचलकरंजीच्या यंत्रमानव संघटनेचा खजिनदार. हा सहा हातांचा विणकर यंत्रमानव. निबंधक हुपरेबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"वर्षभर सभा घेतल्या आणि चहापाण्याचा खर्च शून्य?"

"आम्ही चहा पीत नाही, मॅडम."

"चहाशिवाय सभा झाली हे मी वरती कुणाला पटवू? सभा नुसत्या कागदावरच्या ठरतील आणि नोंदणी रद्द होईल."

यंत्रमानवाला खोटा खर्च दाखवता येत नव्हता. तो तडक चौगुलेअण्णांकडे गेला. अण्णा माणसांच्या संघटनेचे जुने चिटणीस. त्यांची नोकरी याच यंत्रमानवांनी घालवली होती.

"अण्णा, चहा आम्ही मागवू. पिणारा माणूस हवाय. पगार देऊ."

पुढच्या सभेत अण्णा मधोमध बसून मुकाट चहा पीत होते. तिसऱ्या कपाला त्यांनी बशी खाली ठेवली.

"एकट्याला एवढा चहा झेपत नाही. कामावरून काढलेल्या बाकीच्यांनाही घ्या. नाहीतर उद्यापासून माझा संप."

कुणाच्याही संपाला विरोध करायचा नाही, हा यंत्रमानवांच्या संघटनेचा पहिलाच नियम होता. खजिनदाराने अण्णांच्या मागणीला पाठिंबा म्हणून सहाही हात वर केले.

"एकच हात," अण्णा सवयीने म्हणाले. "मतांचाही हिशेब मागतील त्या बाई."