काऊचा घास

"आधी तो फोन इकडे दे बघू," गुरुदत्त म्हणाला. "हात मोकळा असल्याशिवाय ही पाखरं यायची नाहीत."

प्रभाने फोन दिला खरा, पण जीव काही त्यातून निघेना. "स्वेटरच्या आत ठेवा हं. गारठ्यात बॅटरी मरते मेली."

त्याने जॅकेटची चेन उघडून फोन थेट छातीशी ठेवला. कॅनडातल्या सस्काटूनबाहेरच्या त्या रानात उणे बावीस होतं, आणि सत्तरी ओलांडलेली ही दोन माणसं भर बर्फात उभी होती. का, तर घरात टीव्हीसमोर बसवेना म्हणून.

त्यांची जाई तिकडे युद्धात होती. लढायला नव्हे, डॉक्टर म्हणून. छावणीतल्या उपाशी पोरांना जगवायला. लिहायला वेळ नसला तर रोज नुसतं एक टिंब पाठवायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. टिंब आलं की जाई आहे. सोमवारपासून टिंब नव्हतं. बातम्यांत मात्र त्या छावणीचं नाव होतं, आणि धूर.

त्याआधीचा तिचा व्हॉइस मेसेज ऐकून ऐकून प्रभाला पाठ झाला होता. "आई, एक मुलगी तोंडच उघडत नव्हती. मग मी तुझं ते केलं, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. तिला काय कळणार मराठी! पण शी ओपन्ड हर माउथ, आई."

प्रभाने हातमोजा काढला. गुरुदत्तने तिच्या तळव्यावर सूर्यफुलाच्या बिया ओतल्या आणि तो बाजूला झाला.

समोरच्या फांदीवर चिकडी बसली होती. काळी टोपी घातलेलं इवलंसं पाखरू. जाईला भरवताना प्रभा खिडकीतून हीच दाखवायची. चिऊ म्हणून हीच खपवली होती. पोर भोकाड पसरून घास थुंकायची आणि चिकडी दिसली की गपकन तोंड उघडायची.

चिकडी उडाली आणि सरळ तिच्या बोटांवर येऊन बसली.

वजन असं नव्हतंच. नुसते बारीक, गार पाय. तिने एक बी उचलली, टाकली, दुसरी पसंत केली. वारा पडला होता. झाडंही गप्प उभी होती. सोमवारनंतर पहिल्यांदाच प्रभाला बरं वाटलं. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला.

"हा घास चिऊचा," ती पुटपुटली.

पाखरू बी घेऊन उडालं, आणि तिच्या लक्षात आलं, एवढ्या वेळात जाईची आठवणसुद्धा झाली नव्हती. कसली गं आई तू, तिने स्वतःलाच विचारलं. लाज वाटली तिला. पण खरं सांगायचं तर तेवढंच पुन्हा हवं होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाठ फिरवून फोनवर वाकला होता.

"काही?"

"नाही गं. बॅटरी बघत होतो."

तिने हात पुन्हा पुढे धरला. बोटं बधिर व्हायला लागली होती. ये गं, एकदाच ये, ती मनात म्हणत राहिली. चिकडी आली नाही.

आला तो डोमकावळा. कुंपणाच्या खांबावर धप्पकन उतरला आणि मान वाकडी करून तिच्या तळव्याकडे बघायला लागला. साताऱ्याला, तिच्या आईच्या दहाव्याला, नदीकाठी असाच बसला होता. असाच पिंडाकडे बघत.

प्रभाचे ओठ सवयीने हलले. "हा घास..."

पुढचं तोंडातून निघेना. तिने मूठ आवळली. बोटांच्या फटींतून बिया बर्फात पडल्या.

"काऊला नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "अहो, हाकला त्याला! त्याला नाही द्यायचं काही! हाकला म्हणते ना!"

गुरुदत्तचा एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायला आलेला. तरी तो धावला. गुडघाभर बर्फातून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, "हूऽऽश! हूऽऽश!" करत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गारठ्याचं नव्हतं.

कावळा उडाला, आणि पलीकडच्या खांबावर जाऊन बसला. त्याला कसलीच घाई नव्हती.