दारामागचा मारकुटा

सुतारकामासाठी माझ्याच शाळेत गेलो, मोडकं दार उतरवलं आणि मागच्या बाजूला मीच सापडलो. दुसरीत बाईंनी मला दाराला टेकवून भोवतीने निळी रेघ ओढली होती. कुणाचंही बिनसलं की त्याने दारामागे जाऊन आपल्या अंगात जिथे जाणवतंय तिथे त्या आकृतीवर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. मी वर्गातला मारकुटा. “राग कुठे येतो रे?” मी बाईंना मूठ दाखवली. “मुठीच्या आधी?” विचार करून म्हणालो, “कान तापतात, बाई.” “मग कान तापले की माझ्याकडे यायचं. हात उठायची वाट बघायची नाही.” कानांवर अजूनही ठिपक्यांची गर्दी होती, बहुतेक माझेच. “बाई कुठे असतात हल्ली?” मी शिपाईकाकांना विचारलं. “मागच्याच महिन्यात गेल्या. दार भंगारात टाक.” माझे कान गारच होते. गुडघ्यांवर बसलो, कानावरची पेन्सिल काढली आणि दारावरच्या त्या पोराच्या गळ्यावर ठिपका दिला.